लहान जातीचें पिलूं : केव्हां घ्यावें व कोठून घ्यावें?

कुत्रें पाळण्याची इच्छा घरांत बहुधा एखाद्या लहानाच्या मनांत उत्पन्न होते. परंतु तिचा निकाल मात्र घरांतील थोरांस करावा लागतो. हा निकाल करतांना आपल्याकडील शहाणीं माणसेंहि एक चमत्कारिक विसंगति दाखवितात. नेकनूरच्या बाजारांत बैल घ्यावयाचा झाला, तर गृहस्थ बैलाचे दांत पाहतो, त्याला चालवून बघतो, खांदा चाचपतो, कोणाच्या दावणीचा आहे याची चौकशी करतो, आणि घरीं वैरण किती शिल्लक आहे याचा मनाशीं हिशेब केल्यावांचून सौद्याच्या रुमालाखालीं बोट घालीत नाहीं. पण पिलूं घ्यावयाचें झालें, कीं मोबाईलवरील एक छायाचित्र, मुलांचा हट्ट आणि विकणाराचें गोड बोलणें एवढ्या भांडवलावर एका संध्याकाळीं व्यवहार उरकला जातो. लहान जातीचें कुत्रें साधारणतः बारा ते पंधरा वर्षें जगतें. आज चौथींत शिकणारें मूल पंचविशीच्या घरांत येईपर्यंत ज्याला सांभाळावयाचें, त्याच्याविषयीं बैलाइतकी तरी चौकशी झाली पाहिजे.

हा प्रश्न आतां केवळ पुण्यामुंबईच्या बिऱ्हाडांचा राहिलेला नाहीं. कपिलधारचेंच उदाहरण घ्यावें. बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मांजरसुंबा लागतें. तेथून जवळच बालाघाटाच्या डोंगरांत हें क्षेत्र आहे. मन्मथस्वामींची समाधि, पावसाळ्यांत कड्यावरून कोसळणारी धार आणि कार्तिकी पौर्णिमेची यात्रा यांमुळें वीरशैव समाजांतच नव्हे, तर साऱ्या मराठवाड्यांत तें प्रसिद्ध आहे. अशा डोंगरी मुलुखांतील माणसाला कुत्रें नवें नाहीं. शेतवस्तीच्या राखणीला गांवठी कुत्रें पिढ्यान्‌पिढ्या आहे. आणि मराठवाड्याला जातिवंत कुत्र्यांचीहि परंपरा आहे. लातूर जिल्ह्यांत चाकूर तालुक्यांतील जानवळ येथील लांब पायांचीं, सडपातळ कारवानी कुत्रीं शिकारीसाठीं नांवाजलेलीं आहेत. परंतु हीं सारीं मोठ्या अंगाचीं. मांडीवर मावणारें कुत्रें हें या मातींतलें नव्हे. तें बाहेरून आलेलें आहे. म्हणूनच तें केव्हां व कोठून घ्यावें याविषयींचें वडिलोपार्जित ज्ञान आपल्याजवळ नाहीं. तें नव्यानें मिळवावें लागतें.

लहान जात म्हणजे काय, हेंहि आधीं ठरविलें पाहिजे. पूर्ण वाढ झाल्यावर ज्याचें वजन सुमारें १० किलोच्या आंत राहतें, तें लहान जातीचें कुत्रें, असें ढोबळ मानानें म्हणतां येईल. आपल्याकडे ज्या पांढऱ्या, झुबकेदार शेपटीच्या कुत्र्याला सरसकट ‘पामेरियन’ म्हणतात, तें बहुधा पामेरियन नसतें. तें ‘इंडियन स्पिट्झ’ असतें. इंग्रजी अमदानींत येथें आलेल्या युरोपीय स्पिट्झ कुत्र्यांची ही रुळलेली संतति होय. १९९४ सालच्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटांतील टफी याच जातीचें होतें. खरें पामेरियन अवघें दोन-तीन किलोंचें असतें. स्पिट्झच्या अंगवळणीं आपली हवा पिढ्यान्‌पिढ्या पडलेली आहे. तें साध्या अन्नावर राहतें, आणि परकें माणूस दिसतांच भुंकून घर जागें करतें.

याच्या उलट पगची गोष्ट. २००३ च्या सुमारास एका मोबाईल कंपनीच्या जाहिरातींतून या चपट्या नाकाच्या कुत्र्यास देशभर प्रसिद्धि मिळाली आणि त्याची मागणी वाढली. परंतु कुत्र्याला माणसासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. जीभ बाहेर काढून धापा टाकणें हाच त्याचा अंग निवविण्याचा मुख्य उपाय. ज्याचें नाक चपटें व श्वासमार्ग अरुंद, त्याला हा उपाय पुरा पडत नाहीं. वैशाखांत बीड जिल्ह्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या छपराखालीं उष्मा त्याहूनहि अधिक असतो. अशा घरांत पग किंवा शिह त्झू आणणें म्हणजे त्याला दर उन्हाळ्यांत संकटांत लोटणें होय. लांब पाठीच्या डॅक्सहुंडला उन्हाचा त्रास तितका नसतो. पण पायऱ्यांवरून उड्या मारल्यानें त्याच्या पाठीच्या मणक्यांस दुखणें लागतें. तेव्हां जात निवडतांना रूपाआधीं नाक पाहावें, आणि नाकानंतर घर पाहावें.

आतां ‘केव्हां’ हा प्रश्न. त्याच्या उत्तरासाठीं दोन पंचांगें उघडावीं लागतात. एक पिलाच्या वयाचें, दुसरें घराच्या कामाचें. दोन्ही जुळतील तोच मुहूर्त.

पिलाच्या वयाचें पंचांग असें आहे. कुत्रीचा गर्भकाल सुमारें ६३ दिवसांचा. जन्मल्यावर दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पिलाचे डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून दांत दिसूं लागतात, आणि त्याच वेळीं भोंवतालचें जग त्याच्या मनावर उमटूं लागतें. अमेरिकेंतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेंत जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर या शास्त्रज्ञांनीं पिलांच्या वागणुकीचा अनेक वर्षें अभ्यास केला आणि १९६५ सालीं तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. तिसऱ्या ते सुमारें बाराव्या आठवड्यांपर्यंतचा काळ स्वभावाचा पाया घालणारा असतो, असें त्यांतून दिसून आलें. या काळाचा पूर्वार्ध आईचा व भावंडांचा असतो. खेळतांना भावंडास जोरानें चावलें कीं तें केकाटतें व खेळ मोडतो. आईला दांत लागला कीं ती गुरगुरून दूर सारते. दांताला आवर घालण्याचा हा धडा माणसास देतां येतच नाहीं असें नाहीं; पण तो आईइतका चांगला साधत नाहीं. पांच आठवड्यांचें पिलूं उचलून आणलेल्या घरांत पुढें मुलांच्या पोटऱ्या ओरबाडल्या जातात, त्याचें मूळ पुष्कळदां येथें असतें.

म्हणून आठ आठवडे ही खालची मर्यादा होय. भारत सरकारनें २०१७ सालीं केलेल्या श्वानपैदास व विक्रीविषयक नियमांतहि ८ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकण्यास मनाई आहे. अगदीं इवल्या जातींच्या बाबतींत दहा ते बारा आठवडे थांबणें अधिक चांगलें. कारण एवढ्याशा देहांत साठा तो कितीसा असणार? चार-सहा तास पोटांत कांहीं गेलें नाहीं, थंडी वाजली किंवा प्रवासाची धास्ती बसली, कीं रक्तांतील साखर एकाएकी उतरते. पिलूं लटपटतें, मान टाकतें, आणि वेळीं उपाय न झाल्यास दगावतें. अशा प्रसंगीं मध किंवा गुळाचें पाणी बोटानें हिरड्यांस चोळावें व तडक पशुवैद्याकडे जावें. मोठ्या जातीच्या पिलास जो प्रवास सोसतो, तो लहान जातीच्या पिलास सोसेलच असें धरून चालूं नये.

येथेंच बाजारांतील एक लबाडी ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. लहान जातीचें म्हणून विकलें जाणारें पिलूं कित्येकदां लहान जातीचें नसून केवळ लहान वयाचें असतें. चार-पांच आठवड्यांचें गांवठी पिलूं पांढरें व गुबगुबीत असलें, कीं तें ‘पामेरियन’ या नांवानें खपतें. आणि सहा महिन्यांनीं त्याचे पाय लांबले म्हणजे मालकाचा हिरमोड होतो. त्यांत पिलाचा दोष कांहींच नसतो. पण रस्त्यावर सोडून देण्याची शिक्षा मात्र त्यालाच होते. ही फसवणूक टाळण्यास बैलाच्या बाजारांतील जुनीच युक्ति उपयोगी पडते. तोंड उघडून दांत पाहावे. आठ आठवड्यांच्या सुमारास पिलाचे दुधाचे सर्व २८ दांत आलेले असतात. मागच्या बाजूच्या हिरड्या मोकळ्या असल्या, तर वय कमी आहे असें समजावें. तसेंच पिलूं आपण होऊन ताटलींतलें अन्न खातें कीं नाहीं, हेंहि समोर पाहावें. अजून थानच शोधणारें पिलूं घरीं नेण्याजोगें झालेलें नाहीं.

वयाच्या या हिशेबांत आणखी एक मोठी अडचण आहे. जन्मानंतर पहिल्याच दिवसांत आईच्या चिकांतून पिलास रोगांशीं झगडण्याची शक्ति मिळते. ही उसनी शक्ति साधारण सहाव्या आठवड्यापासून ओसरूं लागते, आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत बहुतेक संपते. पण कोणत्या पिलाची ती नेमकी कोणत्या दिवशीं संपेल, हें बाहेरून कळत नाहीं. ती शिल्लक असेपर्यंत टोंचलेली लस पुरती लागू पडत नाहीं. म्हणूनच एक लस देऊन भागत नाहीं. सहाव्या ते आठव्या आठवड्यांत पहिली, आणि पुढें तीन-चार आठवड्यांच्या अंतरानें, सोळावा आठवडा येईपर्यंत ती पुन्हां पुन्हां द्यावी लागते. या संधिकालांतच पार्व्हो नांवाचा रोग घाला घालतो. हा रोग १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला. ओकाऱ्या व रक्ताची हगवण लागून पिलूं दोन-तीन दिवसांत सुकून जातें. संसर्ग झाल्यापासून बहुधा तीन ते सात दिवसांनीं लक्षणें दिसतात. म्हणजे विकणाराच्या घरीं लागलेला रोग विकत घेणाराच्या घरीं प्रकट होतो; आणि पिलूं ‘जागा मानवली नाहीं’ म्हणून गेलें, असा भलताच निष्कर्ष काढला जातो.

या रोगाचें विष मातींत महिनोन्‌महिने, अनुकूल जागीं वर्षभरहि टिकून राहतें. साध्या साबणानें तें मरत नाहीं. फरशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें धुवावी लागते, आणि मातीचें अंगण असेल तर तेंहि पुरेसें होत नाहीं. ज्या अंगणांत गेल्या वर्षभरांत एखादें पिलूं अशा रोगानें मेलें असेल, तेथें लसींचा सारा क्रम पुरा न झालेलें दुसरें पिलूं आणणें हा निव्वळ अविचार होय.

दुसरें पंचांग घराचें. येथें एकच नियम सर्वांस लागू पडत नाहीं. कपिलधारच्या परिसरांतील तीन प्रकारचीं घरें डोळ्यांसमोर आणावीं, म्हणजे एकाच प्रश्नाचीं उत्तरें कशीं भिन्न होतात तें कळेल.

पहिलें घर समाधीच्या वाटेवर नारळ-प्रसादाचें दुकान चालविणाराचें. त्याच्या मुलांस यात्रेच्या आधींच पिलूं हवें असतें. कारण तेव्हां हातांत चार पैसे येणार असतात. परंतु दिवाळीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा पंधरवडा हा पिलूं आणण्यास वर्षांतील सर्वांत वाईट काळ. आठव्या ते दहाव्या आठवड्यांच्या सुमारास बसलेली भीति पिलाच्या मनांतून सहसा जात नाहीं, आणि याच वेळीं फटाक्यांचे बार उडतात. मागोमाग दिंड्या येतात. रात्रंदिवस गजर, अनोळखी माणसांची दाटी, आणि जो येईल तो पिलास उचलून घेणार व कांहींतरी चारणार. प्रसादांतील बेदाणे माणसास पौष्टिक. पण कुत्र्याच्या मूत्रपिंडास ते घातक ठरूं शकतात. अशा घरानें यात्रा उरकूं द्यावी, घरच्या मंडळींस चार दिवस झोंप मिळूं द्यावी, आणि मार्गशीर्षांत पिलूं आणावें.

दुसरें घर डोंगराच्या उतारावरील शेतवस्तीचें. येथें वेळेइतकीच जागेचीहि सिद्धता पाहिजे. पावसाळ्यांत गवत माजतें, गोचीड वाढते, आणि गोचिडीच्या तापानें लहान पिलाचें रक्त हटतें. शिवाय बालाघाटाच्या रांगांत बिबट्याचा वावर असतो. २०२० सालीं आष्टी तालुक्यांत बिबट्यानें माणसांचेहि बळी घेतले. कुत्रें हें त्याचें आवडतें भक्ष्य. चार-पांच किलोंचें कुत्रें रात्रीं ओट्यावर बांधून ठेवणें म्हणजे त्याला आमंत्रणच देणें होय. २०२१ च्या अखेरीस माजलगांव तालुक्यांतील लवूळ येथें वानरांनीं पिलें उचलून छपरांवर व झाडांवर नेल्याची गोष्ट देशभर गाजली. मेलेल्या पिलांचे आकडे फुगवून सांगितले गेले. तथापि वन खात्याला डिसेंबरमध्यें दोन वानरें पकडून न्यावीं लागलीं, हें खरें. तेव्हां वस्तीवरील माणसानें आधीं दाराच्या आंत झोंपण्याची जागा, वरून झांकलेला आडोसा आणि पाण्याचें भांडें तयार करावें, मग पाऊस सरल्यावर पिलाचा शोध सुरू करावा. राखणीला जनावर हवें असेल, तर गांवठी कुत्रेंच घ्यावें. लहान कुत्रें हांक देईल. रक्षण करणार नाहीं.

तिसरें घर ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबाचें. बीड जिल्ह्यांत अशीं घरें हजारोंनीं आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास जोडपीं कारखान्यांच्या वाटेला लागतात, तीं पुढें उन्हाळ्याच्या तोंडाशींच परततात. श्रावणांत मुलांच्या हौसेखातर आणलेलें पिलूं दसऱ्याला चार-पांच महिन्यांचें झालेलें असतें. त्याला बरोबर न्यावें, तर उसाच्या फडांत, गाड्यांच्या चाकांखालीं आणि थंडींत पालापुढें त्याचा निभाव लागणें कठीण. मागें ठेवावें, तर घराला कुलूप. अशा घरानें पिलूं घेऊंच नये, असें एकदम म्हणतां येणार नाहीं. कारण पुष्कळ ठिकाणीं आजी-आजोबा व शाळेंत जाणारीं नातवंडें घरीं राहतात, आणि त्यांच्या एकाकी हिवाळ्यांत एखादें लहान कुत्रें खरोखर सोबत होतें. पण मग निर्णय आजीनें करावयाचा. दिवसांतून तीन-चार वेळां त्याला खाऊं कोण घालणार? आजारी पडलें तर बीडला कोण नेणार? लसीचे पैसे कोणाच्या हातीं ठेवून जावयाचे? या तीन प्रश्नांस नांवानिशीं उत्तरें मिळालीं, तर पिलूं अवश्य आणावें, आणि तेंहि निघण्याच्या तोंडावर नव्हे. उत्तरें न मिळालीं, तर मुलांची समजूत घालणें हेंच दयाळूपणाचें काम होय.

साधारण विचार करतां, ज्यांचें घर वर्षभर उघडें असतें त्यांना मार्गशीर्ष ते माघ हा काळ सोयीचा. हवा कोरडी असते, गोचीड कमी असते, आणि सोळाव्या आठवड्यापर्यंतचा लसींचा क्रम कडक उन्हाळ्यापूर्वीं बहुतेक आटोपतो. रात्रींच्या थंडीसाठीं मात्र गोणपाट व जुनी गोधडी पाहिजे. गांवठी कुत्र्या बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस माजावर येऊन हिवाळ्याच्या सुमारास वितात. पाळीव लहान जातींच्या कुत्र्या साधारणतः वर्षांतून दोनदां माजावर येतात. म्हणजे एका वेताची वेळ चुकली म्हणून जग बुडत नाहीं. दुसरें वेत येतच असतें. ‘आज नाहीं घेतलें तर उद्यां मिळणार नाहीं’ असें जो म्हणतो, त्याच्याकडून तर मुळींच घेऊं नये.

आतां ‘कोठून’. याचें उत्तर एका वाक्यांत सांगतां येतें. जेथें आई पाहावयास मिळेल, तेथून. आई हें पिलाचें खरें प्रमाणपत्र होय. तिच्या अंगावरून पिलाची पुढील उंची कळते. ती शांत आहे कीं भित्री, हें पाहून त्याच्या स्वभावाचा अंदाज बांधतां येतो. आणि तिची जागा कशी आहे, यावरून पिलानें पहिले दोन महिने कोणत्या अवस्थेंत काढले तें समजतें. विकणारा आई दाखविण्यास टाळाटाळ करूं लागला, ‘ती गांवीं आहे’, ‘ती अंगावर येते’ अशा सबबी सांगूं लागला, कीं उठून चालूं लागावें.

या कसोटीवर पहिला क्रमांक ओळखीच्या घरांतील वेताचा लागतो. बीड, केज, अंबाजोगाई अशा गांवीं स्पिट्झ पाळणारीं घरें पुष्कळ आढळतील. पिलें तीन-चार आठवड्यांचीं असतांना एकदां जाऊन पाहावीं, आणि आठ आठवडे भरल्यावर पुन्हां जाऊन आणावीं. दुसरा क्रमांक नोंदणीकृत पैदासकाराचा. २०१७ च्या नियमांप्रमाणें पैदासकारानें राज्याच्या प्राणीकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असली पाहिजे. ती पाहावयास मागण्यांत संकोच नसावा. चेन्नई येथील केनेल क्लब ऑफ इंडियाचें वंशावळीचें पत्र मिळालें तर उत्तम; परंतु तें वंशाचें पत्र आहे, आरोग्याचें नव्हे. दुकानांतील पिलांची आई तेथें नसते, आणि निरनिराळ्या वेतांचीं पिलें एकत्र आल्यानें एकाचा रोग सर्वांस लागतो; म्हणून दुकानाचा विचार शेवटीं करावा.

यात्रा व रस्ता यांचा विचार मात्र करूंच नये. नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत घोड्यांबरोबर कुत्र्यांचेंहि प्रदर्शन भरतें. जाती ओळखण्यास, जाणत्या माणसांस भेटण्यास तें फार उपयुक्त. पण जेथें शेंकडों कुत्रीं जमतात तेथून अर्धवट लस झालेलें पिलूं कांखेंत मारून आणणें धोक्याचें. पिलें उघड्यावर मांडून जागच्या जागीं विकण्यास नियमांचीहि मनाई आहे. तीच गोष्ट मोबाईलवरून ठरविलेल्या सौद्याची. छायाचित्र एका पिलाचें, पैसे आधीं, आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकींत खोक्यांतून येतें तें पिलूं निराळेंच. कित्येकदां तें येतहि नाहीं. आणि ज्याला जातीचा आग्रह नाहीं, त्यानें एखादें टाकून दिलेलें लहान कुत्रें पशुवैद्याच्या सल्ल्यानें घरीं आणावें. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या आकाराविषयीं व स्वभावाविषयीं फसगत होण्याचा संभव सर्वांत कमी.

निवडीच्या दिवशीं सकाळीं जावें. डोळे स्वच्छ, नाक वाहत नसलेलें, हिरड्या गुलाबी, ढुंगणाखालील केस कोरडे, आणि पोट ढोलकीसारखें फुगलेलें नाहीं, एवढें पाहावें. फुगलेलें पोट हें धष्टपुष्टतेचें नव्हे, तर बहुधा जंतांचें लक्षण असतें. जंत आईच्या गर्भांतूनच पिलांत येतात व घरांतील मुलांसहि बाधतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून ठराविक अंतरानें औषध दिलेलें आहे कीं नाहीं, हें विचारावें. कोपऱ्यांत एकटें बसणारें पिलूं दयेनें उचलण्याचा मोह होतो. पण तें पुष्कळदां आजारी असतें. लसीच्या पुस्तिकेंत कुपीवरील चिठ्ठी, तारीख व पशुवैद्याची सही असावी. नुसत्या ‘दोन लसी झाल्या आहेत’ या तोंडी शब्दास किंमत देऊं नये. निघतांना आईच्या अंगाखालील एखादी चिंधी बरोबर घ्यावी. त्या वासानें पहिल्या दोन रात्रींचें रडणें पुष्कळ कमी होतें. दुसऱ्याच दिवशीं पिलूं पशुवैद्यास दाखवावें, आणि पहिला आठवडा जुन्या मालकाचेंच खाणें चालूं ठेवावें.

शेवटीं, ज्या गोष्टीची हयगय माणसाच्या जिवावर बेतते, ती सांगितली पाहिजे. कुत्रें कितीहि लहान असलें तरी पिसाळण्याच्या रोगाला लहानमोठें कळत नाहीं. तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची लस टोंचून घ्यावी व ती पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें चालूं ठेवावी. लुई पास्चर यानें १८८५ सालीं या रोगावरील लस प्रथम माणसास दिली. तिला आज सव्वाशेहून अधिक वर्षें लोटलीं, तरी लक्षणें उमटल्यावर रोगी वांचविण्याचा भरंवशाचा उपाय अद्याप नाहीं. आपल्या पिलाचा असो वा परक्याचा, दांत लागला कीं जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं सरकारी दवाखाना गांठावा. हळद, चुना वा मिरची भरून घरीं बसूं नये. मुलांस मात्र हें भय घालून नव्हे, तर नियम म्हणून शिकवावें. आणि चावल्याचें लपविलें तर मार बसेल, अशी धास्ती त्यांना कधींहि वाटूं देऊं नये.

तात्पर्य, लहान पिलूं घेण्यापूर्वीं तीन गोष्टींची खात्री असावी. त्याचे आठ आठवडे पुरे झालेले असावे. त्याची आई डोळ्यांनीं पाहिलेली असावी. आणि पुढील वर्षभर त्याला रोज वेळच्या वेळीं खाऊं घालणारें माणूस घरांत नांवानिशीं ठरलेलें असावें. यांपैकीं एकहि गोष्ट उणी असेल, तर थांबावें. थांबल्यानें मुलांचा हिरमोड चार दिवसांचा होतो. न थांबल्यानें जें पश्चात्तापाचें ओझें येतें तें मुलांच्या मनांवरच अधिक काळ राहतें. आणि तिन्ही गोष्टी जुळल्या, तर मग दिवस कोणता, वार कोणता, हें पाहात बसूं नये. पिलूं खुशाल घरीं आणावें.